टू, आयएनजी आणि येळवस

निलंगा
रविवार, २३ नोव्हेंबर

अमरेश,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळं गप्प. म्हणून कागद घेतला. पाकीट न उघडता फेकून देण्याइतका तू दगड नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

दसऱ्याला सृष्टी बोलून गेली, "मम्मी विमानातून दुसऱ्या देशात नोकरीला जाणार." सहा वर्षांचं लेकरू, त्याच्या पोटात काय राहतं? तू ताटावरून उठलास. देविकाला, स्वतःच्या बायकोला, काही बोलला नाहीस. मला म्हणालास, "आई, तू तिला इंग्रजी शिकवून राहिलीस म्हणून हे होऊन राहिलंय. शिकवणं बंद कर. तोवर मी या घराची पायरी चढणार नाही." आणि लागलीच नांदेडची गाडी धरलीस.

अमरेश बापू, शिकवणं बंद झालेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटणार नाही की म्हातारी गोडगोड बोलून काही लपवतेय.

देविका दवाखान्यातली ड्यूटी संपवून येते, हातपाय धुते, लेकराला जवळ घेते, आणि मग आम्ही दोघी ओसरीवर बसतो. तिचं बाकी सगळं बरं आहे. एका क्रियापदाच्या मागं दुसरं आलं की त्याला टू लावायचा का आयएनजी, तिथं तिची गाडी अडते. लातूरला क्लासमध्ये कधीतरी पाठ केलेली यादी तिला धडाधड म्हणता येते. पण बोलायला तोंड उघडलं की यादी उडून जाते. मी म्हटलं, "यादी सोड. माझ्या माहेरी देवणी गाय होती. माझ्या आईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. 'डिसाइड' तशी आहे. टूशिवाय दुसऱ्याला जवळ करत नाही. होप, प्रॉमिस, रिफ्यूज, सगळ्या त्याच गोठ्यातल्या. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांना आयएनजीचाच हात लागतो. आणि 'लाइक' ही गरीब गाय, दोघांपैकी कुणीही धार काढायला बसावं."

ती हसली. म्हणाली, "आत्या, हे कशावरून ओळखायचं?"

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, इंग्रजी सगळं तुझ्या दप्तरातून उचललेलं. मला जसं उमगलं तसं सांगितलं. टूवाल्या बहुतेक अजून व्हायच्या गोष्टी बोलतात. ठरवलंय, पण केलेलं नाही. आयएनजीवाल्या हाताखाली चालू असलेलं नाहीतर होऊन गेलेलं बोलतात. सगळीकडं हे लागू होत नाही, पण निम्मं काम भागतं.

मग म्हटलं, आता तुझ्या मनानं वाक्य कर. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "माय हजबंड अव्हॉइड्स टॉकिंग टू मी."

मी म्हटलं, बरोबर आहे. त्यानंतर दोघींनीही पुस्तक मिटलं.

माझा गुडघा बरा आहे. काळजी करू नकोस.

आई


निलंगा
मंगळवार, २ डिसेंबर

अमरेश,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. परीक्षेची तारीख आली आहे. आयर्लंडमधल्या एका दवाखान्याला नर्सा पाहिजेत. त्यांची माणसं निवड करायला नांदेडलाच येणार आहेत, तुझ्या गावात. लेखी थोडं आणि बाकी सगळं तोंडी. एक माणूस पेशंट होऊन बसतो आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं.

म्हणून आठवडाभर मी पेशंट आहे. बाजेवर पडते, डोक्याला पंचा बांधते आणि आयर्लंडचा म्हातारा होते. देविका म्हणते, "वूड यू माइंड लिफ्टिंग युवर लेग?" म्हणजे पाय जरा वर घेता का. 'माइंड'ला आयएनजी पाहिजे, ते तिनं बरोबर लावलं. मी पाय उचलला आणि खरीच कळ आली, तर तोंडातून निघालं, "आई गं!"

"आत्या, तो म्हातारा आई गं म्हणंल का?"

"कळ आल्यावर कुणाला इंग्रजी सुचतं, गं?"

तेवढ्यात तुझा मोठा काका आला. माणिकप्पाला खोकून यायची सवय नाही. दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय नीलम्मा, सुनेची पेशंट झालीस व्हय? आता एवढंच राहिलं होतं."

माझीही एक चूक सापडली, ती सांगून टाकते. टूच्या मागं नेहमी साधं क्रियापद येतं, असं मी आजवर धरून चालले होते. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं तिच्याकडून घोटून घेतलं. तिच्या मोबाइलमधल्या सराव परीक्षेनं चूक दाखवली. तिथं 'मीटिंग' पाहिजे म्हणे. तो टू वेगळा, हा टू वेगळा. मी म्हटलं, मोबाइल बरोबर असेल. त्याला दसऱ्याला कुणी रागावलेलं नाही, त्याचं डोकं शांत आहे.

आता अवघड गोष्ट. फोनवर त्या लोकांनी विचारलं, एकोणीस डिसेंबर चालेल का. देविकानं दवाखान्यातलं औषध कंपनीचं कॅलेंडर बघितलं, ड्यूटी नव्हती, 'येस' म्हणाली. मीही बाजूला बसून मान हलवली. त्या कॅलेंडरवर तिथी नसते रे. दुसऱ्या दिवशी माणिकप्पा शेतातल्या पूजेच्या खोपटाला, कोपीला, कडबा किती लागंल ते विचारायला आला आणि म्हणाला, "एकोणीसला येळवस हाय की!"

आम्ही दोघी निलंग्याच्या बाया, आणि मार्गशीर्षातली अमावास्या, येळवस, विसरलो! ज्या दिवशी अख्खं गाव कुलूप लावून शेतात जातं, त्या दिवशी आम्ही नांदेडचा होकार देऊन बसलो. देविकानं लगेच उलटा फोन केला. पलीकडचा माणूस केरळचा. त्याला येळवस कशी सांगायची? "फार्म फेस्टिव्हल" म्हणाली तर तो म्हणाला, सगळ्यांची बोलावणी गेलीत, आता तारीख हलत नाही. पुढच्या खेपेचं सांगता येत नाही.

तू नांदेडला राहून विसरला नसशील. आपल्यात आंबिलीचं मडकं घरापासून कोपीपर्यंत सुनेच्याच डोक्यावरून जातं आणि शेतातून आंबील शिंपत फिरतो तो घरचा लेक. सुनेच्या डोक्यावर मडकं दिसलं नाही तर वाटेवरच्या प्रत्येक बांधावरून विचारणा होते. माणिकप्पानं तर आताच सुरुवात केली. "सून नांदेडला, लेक रुसलेला. मडकं कोण नेणार, तुझी इंग्रजी? तसं असंल तर मी माझी कोप वेगळी घालतो. लोकांत तोंड दाखवायला जागा ठेव."

एका शेतात दोन कोपी म्हणजे घर फुटल्याची दवंडी. तुझे वडील गेल्यावरही ते झालं नव्हतं.

मला काही सुचत नाही. तू काहीतरी लिही.

आई


निलंगा
सोमवार, ८ डिसेंबर

अमरेश,

तुझा मेसेज आला. दसऱ्यानंतरचा पहिला. "देविकाला पाठवू नको. मी येळवशीला येतो. मडकं तिच्या डोक्यावर दे, आंबील मी शिंपतो. सगळं पहिल्यासारखं होईल."

तुला खरं सांगू? वाचलं आणि मला भरून आलं. तुझी गादी उन्हात टाकली. बाजारात जाऊन भज्जीच्या मिसळभाजीला शेंगा, हिरवा हरभरा कुणाकडं चांगला मिळंल ते बघून आले. माणिकप्पाला सांगितलं, लेक येतोय. तो म्हणाला, "मग झालं तर. वेगळी कोप कशाला?" आणि चहा मागितला. सगळं कसं तेल घातल्यासारखं सरळ चालायला लागलं.

देविकाला मात्र सांगितलं नाही. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली तर म्हटलं, आज माझं डोकं दुखतंय.

ती नर्स आहे, हे मी विसरले. पट्टा आणला, माझ्या दंडाला गुंडाळला, बीपी बघितलं. "आत्या, बीपी तर बरोबर हाय. डोकं कशानं दुखतंय?" कपाळाला हात लावला. तो हात माझ्याच्यानं सोसवला नाही. मोबाइल उघडून तुझा मेसेज तिच्यापुढं धरला.

तिनं वाचला. मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. सृष्टी मध्येच येऊन केसांना तेल लावून मागत होती, तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, रिबीन बांधली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"ते येणार असतील तर मी न्हाई जात. त्यांना या घरात बघायला मलाबी बरं वाटंल. पण आत्या, एक इचारू? मला नुसतं एकदा बघायचं होतं, तिकडच्या परीक्षेत माझा टिकाव लागतो का. जायचं का न्हाई ते नंतरचं. तेवढंबी कुणी इचारलं न्हाई."

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावायला लागले.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "पाठवता का ठेवता?"

अमरेश, तू नांदेडची नोकरी धरलीस तेव्हा तुझ्या बायकोनं पहाटे उठून दशम्या बांधल्या. तिला विचारलंस का, ते मला आठवत नाही. मी तर विचारलं नव्हतंच. तू मोठा होतोयस यातच मी खुश होते.

मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही. तिला नाही, तुला नाही. घास गोड लागत नाही. तुझी वाट बघते आणि तू येऊ नयेस असंही वाटतं, असं कधी व्हावं का?

आई


निलंगा
रविवार, १४ डिसेंबर

अमरेश,

मी देविकाला पाठवत नाही.

वाचून बरं वाटलं असेल तर थांब, पुढं वाच. मी तिला ठेवतही नाही.

मी तुझा मेसेज परत परत वाचला. त्यात 'पाठवू नको' आहे, 'डोक्यावर दे' आहे. सगळं मला. तिला एक ओळ नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच चाललंय. माहेरी जायचं तर सासूनं पाठवायचं, दवाखान्यात रात्रपाळी घ्यायची तर सासूनं होकार द्यायचा. तूही मला विचारतोस, तीही मला विचारते, आणि तुम्ही दोघं एकमेकांना काहीच विचारत नाही. मला हे मानाचं वाटायचं. आता घाबरायला होतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "मी पाठवत नाही आणि ठेवत नाही. तुझं तू ठरव."

तुला वाटेल ती खुश झाली. ती माझ्यावर एवढी चिडली की बोलायची सोय नाही. "असं मधीच कसं सोडता? तुम्ही जा म्हणला असता तर बोलणी तुम्हाला बसली असती. राहा म्हणला असता तर मी तुमच्या नावानं रडले असते. आता सगळं माझ्या माथी!"

"हाव," मी म्हटलं. "तुझ्याच माथी."

"लई शहाण्या आहात."

दोन दिवस अभ्यास बंद. ताट वाढायची आणि आत जायची. मला वाटलं, मी हिलाही घालवलं. लेकही गेला, सूनही गेली, आता ओसरीवर एकटीनं टू आणि आयएनजी म्हणत बसायचं.

काल संध्याकाळी पुस्तक घेऊन आली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "'रिमेंबर' घ्यायचं राहिलंय." मी हात पुसून बसले. रिमेंबरला दोन्ही चालतात, पण नर्सनं तिथं गडबड केली तर म्हातारा एकच गोळी दोनदा घेईल. टू लावला तर गोळी घ्यायची आठवण ठेवा, अजून घ्यायची आहे. आयएनजी लावला तर गोळी घेतल्याचं आठवतंय का, म्हणजे पोटात गेलेली आहे. तिनं मला पेशंट करून दोन्ही विचारलं. एकदाही चुकली नाही. मीच उत्तर देताना चुकले.

शेवटी म्हणाली, "अठराला दुपारच्या गाडीनं निघते. मैत्रिणीच्या बहिणीकडं उतरते." माझी परवानगी मागितली नाही. पहिल्यांदाच.

तर आता तुझं. येळवशीला आलास तर मी तुला पोटभर खाऊ घालीन, पण देविका शेतात नसेल. ती तुझ्याच गावात असेल. तिला अडवायचं असेल, आशीर्वाद द्यायचा असेल, भांडायचं असेल, तर तिचा नंबर तुझ्याजवळ आहे. माझ्यामार्फत नको.

माणिकप्पाला अजून सांगितलेलं नाही. सांगायचंय.

आई


निलंगा
रविवार, २१ डिसेंबर

अमरेश,

तू आला नाहीस. मी वाट बघितली, ते खोटं कशाला बोलू? गावातल्या गाड्या, टमटम, बैलगाड्या सगळ्या शेतांकडं गेल्या, आळी रिकामी झाली, तरी मी उंबऱ्यात उभी. सृष्टी म्हणाली, "आज्जी, आंबील आंबट हुतीय, चल की."

मडकं मी घेतलं. सून नाही आणि लेक नाही म्हटल्यावर उरलं कोण? तुझे वडील गेल्यापासून मी कोपीच्या पूजेला पुढं झाले नव्हते, मागं बसून हात जोडायची. वाटेवर बायकांनी बघितलं. एकीनं विचारलंच, "का हो, सूनबाई कुठंय?"

सृष्टीनं माझ्या आधी उत्तर दिलं. "मम्मीची परीक्षा हाय. इंग्लिशची. लई अवघड."

नाल्याजवळ गुडघा बोलायला लागला. मागच्या महिन्यापासून तो धरतोय, तुला मात्र बरा आहे असंच लिहिलं होतं. मडकं उतरवून बसले. पुन्हा डोक्यावर घ्यायला कुणी हात लावणारं नव्हतं, तर छातीशी धरून नेलं. अर्धी आंबील पदरावर सांडली.

माणिकप्पा कोपीपाशी पोचलेला होता. आदल्या दिवशी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो दाराबाहेर थुंकला होता आणि वेगळी कोप घालायला गेला होता. पण कडबा दोन कोपींना पुरला नाही म्हणे. एकच कोप होती. तो पाठ करून बसला. मी पांडवांच्या पाच दगडांना चुना लावला, हळदकुंकू वाहिलं. त्याचे शब्द पाठीमागून येत होते. "इधवा बाईनं पांडव पुजायचे. बघा रे, बघा." मी हात थांबवला नाही.

आंबील शिंपत शेताला फेरी मारायची वेळ आली. मी आणि सृष्टी निघालो. "होलगे, होलगे" ती ओरडत होती. ज्वारी तिच्या डोक्याच्या वर गेलीय, मला नुसता आवाज ऐकू यायचा. परत आलो तर माणिकप्पा पाठ करूनच जेवत होता. भज्जी दोनदा मागून घेतली, पण बोलला नाही. अजून बोलत नाही. ते मी सोसणार आहे.

देविकाचा संध्याकाळी फोन आला नाही. नांदेडच्या स्टँडवर आपल्या बाजूची गाडी नव्हती, असं दुसऱ्याकडून कळलं. येळवशीला ड्रायव्हरही शेतात. मी घाबरून तिला फोन लावायला घेतला आणि ठेवला. म्हटलं, अडचण आली तर तिनं कुणाला हाक मारायची ते तिचं तिला ठरवू दे. अमरेश, मी आयुष्यात एवढा अवघड फोन कधी केला नाही, जेवढा तो न केलेला.

काल सकाळी ती आली. डोळे सुजलेले, आणि अंगावर तुझा निळा स्वेटर, नांदेडला तुझ्याजवळ असतो तो.

मी विचारलं नाही. आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. तिनं एवढंच सांगितलं की पेशंट झालेली बाई चांगली होती, आणि एका ठिकाणी टू ऐवजी आयएनजी गेला, मग तिथल्या तिथं दुरुस्त केला.

आई


निलंगा
रविवार, ४ जानेवारी

अमरेश,

निकाल तुला माझ्या आधी कळलाय, म्हणून तो लिहीत नाही.

परवा देविका मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. खाली आवाज येत होता. आधी हळू, मग चढा. "मी इचारून राहिले, तुम्ही उत्तर देऊन राहिले न्हाई!" असं काहीतरी. मग रडणं. माझा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेला होता. गुडघ्याचं निमित्त करून मागं घेतला, सृष्टीला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

खाली आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "आत्या, मी तिकडच्या नोकरीला होकार कळवला. सृष्टीच्या पप्पांना सांगितलं आधी, मग कळवला. आता तुम्हाला सांगते."

ती या घरात लग्न होऊन आल्यापासून एखादी गोष्ट मला सगळ्यांच्या शेवटी कळायची ही पहिली वेळ. जरा टोचलं. खोटं बोलत नाही, चांगलंच टोचलं. मग तिला जवळ घेतलं.

तू काय म्हणालास ते तिनं सांगितलं नाही. तुला पटलंय असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. सृष्टीला एवढंच म्हणाली, "पप्पा पुढच्या रविवारी येणार हायेत."

तू रागात येणार असशील तरी ये. लेकराचं कुणी बघायचं, ती किती वर्षं जाणार, तू तिकडं जाणार का इथं राहणार, हे सगळं तुम्हा दोघांना बोलायचंय. माझ्याकडून काय पाहिजे ते बोलून झाल्यावर दोघांनी मिळून येऊन सांगा. होईल ते करीन, होणार नाही ते नाही म्हणीन.

रविवारी तू आलास की मी सृष्टीला घेऊन माणिकप्पाकडं जाऊन बसणार आहे. तो बोलणार नाही, पण हाकलणार पण नाही. दिवे लागेपर्यंत परत येत नाही. चहा तुमचा तुम्ही करून घ्या. साखरेचा डबा आता वरच्या फळीवर ठेवलाय, देविकाचा हात पोचत नाही, तुझा पोचेल.

आई